रोज किती, एवढंच विचारून थांबू नका

सकाळी सातच्या आत तलासरी नाक्यावर आलात, तर कामाला निघालेली माणसं दिसतील. कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुली, टेम्पोत दाटीवाटीने उभे राहिलेले मजूर, थापी-फावडं घेऊन आलेल्या बांधकामावरच्या जोड्या. यातले बरेचजण राज्याची हद्द ओलांडून संजाण, उंबरगाव, भिलाड, सरीगाम, वापीला जातात. डहाणूत चिकूच्या वाड्या आहेत, फुग्यांचे कारखाने आहेत, बोटी आहेत, पण मोठे कारखाने थोडे. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि इथल्या उद्योगांना मर्यादा घातली. इथल्या वाड्यांना आणि रानाला त्याचा आधार मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र दहावी-बारावी झालेल्या पोरांना पगाराची नोकरी बहुतेक वेळा हद्दीपलीकडेच शोधावी लागते. आता वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग या कामांच्या निमित्ताने नवे ठेकेदार आणि नवे मुकादम याच दोन तालुक्यांत फिरू लागले आहेत.

काम सांगायला येणारा माणूस एकच आकडा सांगतो. रोज चारशे. महिना सोळा हजार. हजार विटांना इतके. आपणही तेवढंच ऐकतो आणि पिशवी भरायला लागतो. पण हे चारशे किती तासांचे? हातात कधी येणार, आठवड्याला की हंगाम संपल्यावर? त्यातून काय काय कापणार? आजारी पडलो तर? कामाचं मोजमाप कोण करणार? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत आपला मोबदला ठरलेलाच नसतो. ठरलेला असतो तो फक्त दर. आणि मोजमाप ज्याच्या हातात, दर त्याच्या सोयीने वाकतो.

हे या भागाला नव्याने शिकवायची गरज नाही. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात मे १९४५ मध्ये हजारो वारली जमले होते. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्या काळी जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावं लागे. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघं सावकाराचे लग्नगडी होत, आणि ते कर्ज आयुष्य संपलं तरी फिटत नसे. झरीत ठरलं की वेठ बंद, आणि सावकाराच्या खाजगी शेतावर कामाला जायचं ते रोजचे बारा आणे रोख मिळाले तरच. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. हे गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि व्यापाऱ्यांना चांगला पैसा द्यायचं. संपाची मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये.

ही मागणी पुन्हा एकदा वाचा. नुसतं ‘मजुरी वाढवा’ असं ती म्हणत नाही. तिच्यात दर आहे आणि वजन आहे. शेतकामाच्या मागणीत दर आहे, दिवस आहे आणि ‘रोख’ हा शब्द आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी मोबदल्याची बोली अशी नेमकी बांधली होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. तरीही माणसं मागणीवरून हटली नाहीत. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सगळा काळ सविस्तर आला आहे. डहाणू-तलासरीतल्या शाळेच्या कपाटात ते नसेल, तर शिक्षकांनी जरूर आणावं.

तेव्हा पहिली सूचना तिथूनच घेऊ या. दर विचारलात की लगेच माप विचारा. दिवस असेल तर किती तासांचा, नग असेल तर कोणता नग धरणार आणि कोणता टाकणार, वजन असेल तर काटा कुणाचा.

तासांचा हिशेब

कारखान्यात सगळ्यांत जास्त फसगत तासांत होते. समजा, एका ठिकाणी आठ तासांचे ३५० रुपये देतात आणि शेजारच्या ठिकाणी बारा तासांचे ४५०. घरी आई-बाप म्हणतात, शंभर जास्त मिळतात तिथे जा. आता आठवड्याचा हिशेब मांडू. सहा दिवस बारा-बारा तास म्हणजे ७२ तास झाले. आठवड्याचे नेहमीचे तास ४८. वरचे २४ तास जादा काम, म्हणजे ओव्हरटाइम, आणि त्याला कायद्याने दुप्पट दर. म्हणजे मजुरी ४८ अधिक ४८, एकूण ९६ तासांची यायला हवी. मिळतात ४५० गुणिले सहा, २,७०० रुपये. भागून बघा, तासाला २८ रुपये पडले. पहिल्या ठिकाणी ४८ तासांचे २,१०० मिळतात, म्हणजे तासाला जवळजवळ ४४. जास्त दिसणारा रोज खरं तर कितीतरी कमी निघाला, वर अंगातली चार तासांची ताकद रोज फुकट गेली. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे घालून हाच भागाकार मोबाइलवर करा, दोन मिनिटं लागतात.

मग आलेला तासाचा दर किमान वेतनाशी ताडून बघा. प्रत्येक राज्य कामाच्या प्रकाराप्रमाणे किमान वेतन ठरवतं. शेतमजुरीलाही ते आहे, वीटभट्टीलाही आहे. महाराष्ट्रात महागाईप्रमाणे त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून गेल्या वर्षीचा आकडा ऐकून गप्प बसू नका. तलासरीकरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तुम्ही राहता महाराष्ट्रात, पण कंपनी वलसाड जिल्ह्यात असेल तर किमान वेतन गुजरातचं लागतं, आणि तक्रारही तिथल्या कामगार कार्यालयात करावी लागते. पालघरला खेपा घालून आलेल्या माणसाला ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकावं लागतं, तेव्हा त्याचा एक रोज आणि गाडीभाडं दोन्ही गेलेलं असतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर वेतन संहिता लागू झाली. मजुरी देण्याचा १९३६ चा, किमान वेतनाचा १९४८ चा, बोनसचा १९६५ चा आणि समान मोबदल्याचा १९७६ चा, असे चार जुने कायदे तिने एकत्र केले. तिच्यातल्या दोन-तीन गोष्टी पाठ असाव्यात अशा आहेत. रोजंदारी असेल तर मजुरी पाळी संपताना मिळाली पाहिजे, आठवड्याची असेल तर सुट्टीच्या आधी, महिन्याची असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. सगळ्या कपाती मिळून त्या मुदतीतल्या मजुरीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ‘मधेच सोडून गेलास, आता मागचे पंधरा दिवस विसर’ हे वाक्य इथे घरोघरी ऐकायला मिळतं. त्याला कायद्याचा काहीएक आधार नाही.

उचल, खर्ची आणि हंगामाचा हिशेब

दिवाळी सरली की पाड्यांवरची कुटुंबं वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. घरात धान्य संपत आलेलं असतं, कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाचं आजारपण झालेलं असतं, आणि नेमक्या त्या वेळी मुकादम उचल घेऊन दारात येतो. पावसाळ्याच्या तोंडावर चार पैसे हातावर ठेवून पुढच्या हंगामाचं गवत नाही तर भात कवडीमोलाने अडवायची पालेमोडीची जुनी पद्धत म्हाताऱ्यांना आठवत असेल. अडचणीच्या वेळी दिलेला पैसा पुढच्या मेहनतीचा भाव पाडतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

उचल घेणं हा गुन्हा नाही, लाजेची गोष्ट तर मुळीच नाही. पण उचल म्हणजे मोबदला नव्हे. तुमच्याच पुढच्या मजुरीतला तो आधी मिळालेला भाग आहे. म्हणून ती घेतानाच पुढचा सगळा हिशेब बोलून घ्यायचा. समजा, उचल २५,००० घेतली. हजार विटांना ९०० रुपये ठरले. चोवीस आठवड्यांच्या हंगामात एक लाख विटा पाडल्या. मजुरी झाली ९०,०००. दर आठवड्याला १,५०० खर्ची घेतली, तिचे झाले ३६,०००. खर्ची आणि उचल वजा केली की हातात यायला हवेत २९,०००. इथपर्यंतचा हिशेब बरेचजण तोंडी करतात आणि बरोबर करतात.

पुढचा हिशेब मात्र क्वचित कुणी मांडतो. नवराबायको दोघांनी आठवड्याला सहा दिवस काम केलं, तर २८८ रोज भरले. ९०,००० भागिले २८८, एका माणसाला दिवसाला साधारण ३१२ रुपये. पण विटा थापायला खरंच दोघंच होती का? म्हातारी सासू माती कालवत होती, शाळा सोडून आलेली मुलगी विटा उलटत होती. त्यातल्या एकीचेच हात धरले तरी रोज झाले ४३२, आणि एकाचा रोज २०८ वर आला. नगावर मजुरी असली की घरातल्या सगळ्यांची मेहनत एकाच आकड्यात बुडते, आणि तो आकडा बरा वाटतो. कायदा मात्र स्पष्ट आहे. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेप्रमाणे ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. भट्टीवर जाताना मुलीला मागे आजीपाशी, आश्रमशाळेत ठेवणं जमत असेल, तर ठेवाच. तिच्या हातांच्या विटांचे वेगळे पैसे कुणीही तुम्हाला देत नाही.

फुटलेल्या विटा कोणाच्या खात्यावर, अवकाळी पावसाने भिजलेला थर कोणाच्या खात्यावर, हेही जाण्याआधीच ठरवा. मोजणीच्या दिवशी घरातलं एक माणूस तिथे हजर असलंच पाहिजे. आणि वही ठेवा. दोन रुपयांची असली तरी चालेल, पण तुमची स्वतःची. तारीख, विटा, खर्ची, कोण कामावर होतं. लिहिता येत नसेल तर पाड्यावरच्या शिकलेल्या पोराला दर रविवारी फोन करून आकडे सांगा, तो लिहील. मुकादमाच्या वहीचा फोटो मिळाला तर आणखी चांगलं. भांडणात मालकाची वही छापील असते आणि मजुराकडे नुसती आठवण असते. कार्यालयातला माणूस कितीही भला असला तरी नुसत्या आठवणीवर त्याला फारसं काही करता येत नाही.

उचल फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत, बाजारालाही एकट्याला पाठवत नाहीत, मजुरी किमान वेतनाहून कमी धरतात, असं असेल तर तो व्यवहार मजुरीचा राहत नाही. ती वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद झालेली आहे. तो कायदा असलं कर्जच रद्द ठरवतो. दिल्लीत आशियाई खेळांच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये याच्याही पुढचं सांगितलं. गरजेपोटी, दुसरा मार्ग नाही म्हणून माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत राबत असेल, तर तीही संविधानाच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरीच. ‘त्याने स्वतःहून कबूल केलं होतं’ असं म्हणून कुणालाही सुटता येत नाही. वेठबिगारीची तक्रार प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करायची असते. सुटका झालेल्या मजुराला मुक्ततेचा दाखला मिळतो. तो जपून ठेवा, पुनर्वसनाची मदत त्यावरच अवलंबून असते.

बोटींचंही थोडं सांगायला हवं. डहाणू-तलासरीचे कितीतरी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. तिथे कुठे महिन्याचा पगार, कुठे हंगामाची रक्कम, आणि बोलणं सगळं तोंडी. यातले काहीजण समुद्रात पाकिस्तानच्या हद्दीत पकडले गेले आणि वर्षानुवर्षं तिथल्या तुरुंगात राहिले. कमावता माणूस असा अडकला तर घरी दर महिन्याला काय येणार, हे बोट सुटण्याआधी कागदावर यायला हवं. आणि त्याचं नाव बोटीच्या खलाशांच्या यादीत नीट लिहिलेलं हवं, बरोबर स्पेलिंगसह. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पुढे सगळी कागदपत्रं अडतात.

सोळा हजार सांगितले, अकरा हजार आले

कंपनीत पहिली नोकरी लागलेल्या मुलामुलींचा हा नेहमीचा प्रश्न असतो. प्रत्येक वेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १३,००० आहेत. त्यावर मालक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, १२ टक्के म्हणजे १,५६० भरतो. कामगार विमा योजनेत, ईएसआयमध्ये, सव्वातीन टक्के, ४२३ रुपये. वर्षाच्या बोनसचा महिन्याचा वाटा ८.३३ टक्क्यांनी १,०८३. सगळं मिळून १६,०६६. भरती करणारा हा आकडा सांगतो. आता तुमच्या १३,००० मधून तुमचा पीएफ १,५६० कापला जातो, ईएसआयचे पाऊण टक्का ९८, आणि व्यवसाय कर २००. हातात ११,१४२. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, म्हणून मुलीच्या पगारातून हे दोनशे कापले असतील तर विचारा.

मधले ४,९२४ रुपये गेले कुठे? ३,१२० तुमच्या पीएफ आणि पेन्शनच्या खात्यात, १,०८३ वर्षाच्या बोनसला, ५२१ विम्यात, २०० सरकारच्या करात. म्हणजे बहुतेक पैसा तुमचाच आहे, फक्त आज हातात नाही. हा सुद्धा मोबदलाच. पण तो खरंच जमा होतोय का, हे बघणं तुमचं काम. पीएफचा बारा अंकी यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्या. उमंग ॲपवर पासबुक उघडतं, तिथे प्रत्येक महिन्याची नोंद दिसते. पगारातून कापले आणि खात्यात भरलेच नाहीत, असं घडतं. ते दोन महिन्यांत लक्षात आलं तर वसूल होण्याची आशा असते, चार वर्षांनी कंपनी बंद पडल्यावर लक्षात आलं तर फार जड जातं. नोकरी बदलली तरी यूएएन तोच ठेवायचा. आमच्याकडची मुलं ठेकेदार बदलला की नवा क्रमांक घेतात आणि जुन्या खात्यातले पैसे तिथेच पडून राहतात. ईएसआयचं कार्डही मागा. महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला ही योजना लागते आणि त्यात घरच्यांचेही उपचार होतात. ज्याच्या पगारातून दर महिन्याला पैसे जातात, तोच बायकोच्या बाळंतपणाला व्याजाने कर्ज काढतो, हे पाहून जीव कासावीस होतो.

पगाराची रचनाही वाचायला शिका. पूर्वी मूळ वेतन मुद्दाम छोटं ठेवून बाकीचं घरभाडं, प्रवासभत्ता अशा नावांखाली दाखवायची पद्धत होती, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात. नव्या संहितेत असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची असं ठरलं आहे. जेवण, धान्य अशा वस्तूंच्या रूपाने काही देत असतील, तर त्याची किंमत वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येते. ‘दोन वेळचं जेवण देतो ना’ म्हणून निम्मा रोज कापणाऱ्याला हे ऐकवा.

आणखी एक प्रकार इथे सर्रास चालतो. बँकेत पूर्ण किमान वेतन जमा होतं, कागद अगदी स्वच्छ. पण एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात. तो पैसे काढतो, त्यातले काही ठेवतो, उरलेले वाटतो. कार्ड आणि पिन कुणालाही देऊ नका, पहिल्या दिवसापासून नाही. ठेकेदाराचं कमिशन कंपनीने द्यायचं असतं, तुमच्या मजुरीतून ते घेता येत नाही.

बाईचा रोज

वाडीत चिकूच्या हंगामात बाप्या झाडावर चढतो, बाई खाली निवडते, वर्गवारी करते, खोके भरते. बाप्याचा रोज जास्त, बाईचा कमी, आणि कारण सांगतात की तिचं काम हलकं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव राखायचं तर एकही दबलेलं, डागाळलेलं फळ खोक्यात जाता कामा नये, आणि ते तिच्याच नजरेवर अवलंबून असतं. सारख्या किंवा सारख्याच स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून वेगळा रोज देता येत नाही, हा नियम १९७६ पासून आहे. आणि झाडावर चढणं हे वेगळं काम धरायचं असेल, तर निवडीचंही कौशल्य म्हणून मोल धरा. बायांनी एकेकटीने हे मागितलं तर दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही. सगळ्यांनी मिळून मागायचं. वाडीमालकांनाही माझं सांगणं आहे. पिढ्यान्‌पिढ्या तुमची वाडी याच हातांनी सांभाळली आहे, तर रोज मागण्याची वेळ येण्याआधी तुम्हीच तो सारखा करा.

अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई यांच्या पैशाला वेतन म्हणत नाहीत. सेविकांना मानधन मिळतं, आशाताईंना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. पाड्यापाड्यांवर दिवसभर चालून, रात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेऊन, वर नोंदी ठेवून मिळणाऱ्या या पैशाला मान म्हणायचं की मजुरी, हा प्रश्न साधा नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याची तारीख, मानधनाच्या बँकेतल्या नोंदी या सगळ्या जणींनी एका फाईलमध्ये लावून ठेवाव्यात. आशाताईंनी प्रत्येक कामाचा दावा कोणत्या महिन्यात दिला आणि पैसे कोणत्या महिन्यात आले, याची स्वतःची नोंद ठेवावी.

वारली चित्र काढणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्यामुळे जगाने ही कला ओळखली. आज तालुक्यातली कितीतरी मुलं हॉटेलांच्या, कार्यालयांच्या भिंती रंगवतात. इथे भाव चौरस फुटावर सांगतात. मग रंग कुणाचे, प्रवास आणि राहणं कुणाचं, चित्र बदलून मागितलं तर किती वेळा, हे आधी लिहून घ्या. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळं काही ठरवलं नाही, तर ते कापडावर, कपांवर छापून विकायचा हक्क काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून तो हक्क तुमच्याकडेच राहील, की वेगळे पैसे घेऊन द्यायचा, हे आधीच लेखी ठरवा. व्हॉट्सॲपवर चित्राचे फोटो मागणाऱ्याला आधी विचारा, कशासाठी हवेत.

पैसे अडकले तर

आधी कागद गोळा करा. गेटपास, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेची नोंद, मुकादमाचे मेसेज, कामावरचे फोटो, आपली वही, बरोबरच्या दोघांची नावं. पगाराची चिठ्ठी आणि नेमणुकीचं पत्र देणं ही मालकाची जबाबदारी आहे. ते दिलं नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही, फक्त सिद्ध करायला कष्ट पडतात. त्यानंतर मालकाला लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पण तेवढं थांबू नका. साक्षीदार पांगतात, ठेकेदार गाव बदलतो.

डहाणूच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या कुठल्याही माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना, किसान सभा आणि कामगारांच्या युनियन यांचे कार्यकर्ते दोन्ही तालुक्यांत आहेत. एकट्याने कार्यालयात जाण्यापेक्षा त्यांच्यातल्या कुणाला तरी घेऊन जा.

ठेकेदाराने फोन बंद केला, तो कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नाही, अशी वेळ आली तरी दावा संपत नाही. ज्या कंपनीसाठी किंवा ज्या कामासाठी तो माणसं पुरवत होता, तिच्यावर थकलेली मजुरी देण्याची जबाबदारी येते. म्हणून कामाला लागताना ठेकेदाराच्या नावाबरोबर मूळ कंपनीचं नाव आणि पत्ता लिहून घ्या. साईटवर मोठा फलक लावलेला असतो, त्यावर कामाचं नाव, काम देणाऱ्या संस्थेचं नाव आणि मुख्य कंत्राटदाराचं नाव असतं. पहिल्याच दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि घरी पाठवून द्या.